त्याच पाण्यात

आधी पंप बंद करायचा. घरघर थांबते
आणि शरणपूर रोडवरच्या रिक्षा
एकदम परसात येतात.
निळ्या पिंपाचं झाकण डाव्या बाजूला चिरलंय,
तिथे हात कापतो.
एवढंच शांतवनकाकांनी वहीत लिहिलेलं नाही.

बाकी सगळं लिहिलंय.
बोर्डे, शांतवन यशवंत, निवृत्त स्टोअरकीपर, सातपूर.
पट्टीने रेघा मारून, निळ्या शाईत,
माल मोजून ताब्यात द्यावा तसं:
मासे अकरा. कासव नाही, होतं.
जाड स्पंज दर पंधरवड्याला.
बारीक स्पंज त्याच दिवशी कधीच नाही.
थंडीत खाणं निम्मं, ते मागतील तरी.
आणि तळाशी, दोनदा अधोरेखित:
धुवायचं ते तळ्याच्याच पाण्यात.

ते बंगळुरूला गेले, लेकीकडे, गुडघा बदलायला.
मी वरच्या खोलीतली भाडेकरू.
भाड्यात तीनशे रुपये सूट,
तळ्याची.

पहिल्या खेपेला मी स्पंज नळाखाली धुतला.
पिळला, पुन्हा धुतला,
दुकानातल्यासारखा पिवळा होईपर्यंत.
फडकं कसं धुवावं हे आईने शिकवलंय मला.
आणि मी कोण,
तर सकाळी सहाला डायलिसिसच्या खोलीत
पहिला पेशंट यायच्या आत
पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघणारी,
पट्टी उजेडात धरून, रजिस्टरात सही करून.
घरच्या नळालाही तोच वास असतो
हे माझ्या नाकाला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ.
पाचव्या दिवशी तीन मासे आडवे.
त्यातला एक पांढरा, नारिंगी टोपीचा,
वहीत ज्याचं नाव नुसतं ‘मास्तर’.

फोन केला नाही.
जास्वंदीखाली खड्डा केला, उलथन्याने.
भद्रकालीतून तीन नवे आणले,
हवा भरलेली पिशवी मांडीवर,
रिक्षावाल्याला म्हणाले, खड्डे चुकवा दादा.
टोपीवाला मिळाला.
टोपी जरा डावीकडे.

व्हिडिओवर काका म्हणाले, “अकरा?”
“अकरा,” मी म्हणाले
आणि कॅमेरा जास्वंदीकडे वळवला. नेमका तिकडेच.

आता येतं मला.
बादली तळ्यातूनच भरायची.
स्पंज तिच्यात दाबायचा, दोनदा, फार तर तीनदा,
गाळ सुटला की हात आवरायचा.
तपकिरी थोडं राहू द्यायचं, बुळबुळीत,
त्यात कोणीतरी राहतं
जे मला दिसत नाही आणि माशांना लागतं.
हात आवरणं सगळ्यात अवघड.
पंपाच्या पंख्यातून आज निघालं:
बकुळीचा देठ, एक गोगलगाय,
आणि माझाच लांब केस, गुंडाळून गुंडाळून दोरा झालेला.
निफाडकडे पारा चारावर आलाय म्हणे.
पाणी बोटं तोडतं. मासे तळाशी,
पगार न झालेल्या माणसांसारखे गप्प.
काळं पाणी जास्वंदीला.

काकांचा नाताळ तिकडेच गेला.
जानेवारीत आले, वॉकर टेकत, थेट मागच्या दारी.
वाकता येत नव्हतं.
उभ्याउभ्याच बघत राहिले. मोजलं नाही.
“मास्तरने टोपी फिरवली,” म्हणाले.

माझ्या हातात बादली. ती खाली ठेवायचं सुचेना.

“पहिल्या वर्षी मी सात मारले,” काका म्हणाले,
“ते पान त्यानंतर लिहिलंय.
स्पंज बघू.”
दिला. त्यांनी नाकाशी नेला,
डोळे मिटून, बाजारात खरबूज हुंगावं तसा.
“ओल्या मातीचा येतोय. चालेल.
लाव पंप.”

लावला.
आधी एक गढूळ उचकी.
मग बराच वेळ काहीच नाही,
मग पाणी.