कोंबड्या सोडल्या का

पहिल्याच तासाला ती पलंगावर आडवी झाली,
चष्मा काढून उशाशी ठेवला, बूट मात्र तसेच,
आणि म्हणाली, मी आता बेशुद्ध आहे. सुरू करा.

आम्ही अकरा जणी. खिडकीबाहेर डुलुथचा नोव्हेंबर,
सुपीरियर सरोवरात खनिजाचं एक जहाज
पूल उचलला जायची वाट बघत थांबलेलं.
कुणी पुढे होईना. शेवटी मी.
आधी हाक मारली. मग मोठ्यानं. मग खांदा हलवला.
मग मानेजवळचा स्नायू चिमटीत धरला,
हलकेच, पिकलेलं फळ दाबून बघावं तसा.
डोळे न उघडताच ती म्हणाली,
"लाड करतेस होय?
दुखव. दुखवल्याशिवाय कळणार नाही
मी आत आहे की नाही."

लेम्पी हाउताला.
एकोणतीस वर्षं मेंदूच्या वॉर्डात,
त्यातली निम्मी आमच्यासारख्यांच्या मागे लागण्यात.
'शांत झोप' हे शब्द चार्टवर लिहायला बंदी.
उठवलंत? नाही? मग झोप आहे हे कुणी सांगितलं?
त्या बंदीमागची रात्र तिनं कधी सांगितली नाही
आणि आम्हीही विचारली नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र दर वर्षी सांगायची.
एक म्हातारा कोळी, डोक्याला मार, चार दिवस चार्टवर एकच:
बोलणं — अर्थहीन आवाज. गुण दोन.
पाचव्या रात्री ती त्याचं तोंड पुसत होती
आणि त्या घरघरीतून तिच्या आईची भाषा आली.
फिनिश. नाव सुटलीय, तो म्हणत होता, कुणीतरी बांधा रे.
"बांधली," ही म्हणाली, त्याच भाषेत.
त्यानं डोळे उघडले आणि हिलाच शिवी हासडली,
गाठ नीट मारली नसणार म्हणून.
इथं ती हसायची. मग हसू पुसून:
"ते दोन गुण त्याचे नव्हते. आपले होते."

माझं दुसरं वर्ष, फेब्रुवारी, पहाटेचे चार.
सात नंबरला एक म्हातारी, सेंट पॉलहून लेकीकडे आलेली,
दारातल्या बर्फावरून घसरलेली.
लेम्पीनं टॉर्च मारला. बुबुळं सारखी.
बोटं दाबायला लावली. डावा हात जरा उशिरा.
तोंडाशी कान नेला, क्षणभर,
आणि मला म्हणाली, "अर्थहीन आवाज. लिही, दोन."
मी पेन टेकवलं.
उचललं.
"ती ह्मोंग बोलतेय," मी म्हटलं, माझा आवाज मलाच अनोळखी.
"विचारतेय, कोंबड्या सोडल्या का."

पंपाची टिकटिक तेवढी चालू.
लेम्पी स्टुलावर बसली, बसली म्हणजे टेकलीच.
"किती आहेत, विचार."
नऊ. त्यातली एक लंगडी.
"सांग तिला, उजाडलं की सोडू."
मी सांगितलं. म्हातारीनं मान हलवली,
तेवढ्यापुरतं तिचं कपाळ सैल झालं.
मग तक्ता माझ्या हातून घेऊन लेम्पीनं स्वतः लिहिलं: चार.
"पाच का नाही?" मी विचारलं, जरा चिडूनच.
"कारण," ती म्हणाली, "कोंबड्या लाओसमध्ये आहेत."

पुढच्या वर्गापासून कोळ्याची गोष्ट बंद.
त्याऐवजी फळ्यावर तारीख, वेळ, चार वाजून दहा मिनिटं,
आणि स्वतःचं पूर्ण नाव, खडू दाबून.
ऐकणाऱ्या पोरींना अवघडल्यासारखं व्हायचं.
तिला नाही.

आता तिचा टॉर्च माझ्याकडे आहे. दोनदा बटण दाबावं लागतं.
आज नवी तुकडी, चौदा जणी, दोन मुलगेही.
मी चष्मा काढलाय, बूट तसेच,
डोळे मिटलेत. बाहेर पुलाचा भोंगा.
कुणाची तरी चिमूट मानेपाशी आलीय
आणि थबकलीय.
लाड करतेय.