खण

टेबलाचा खालचा खण आज आपोआप उघडला,
दुपारी सव्वातीनला.
शेहेचाळीस अंश. कूलर नुसताच घरघरतोय,
मानेवाड्याच्या या गल्लीत कुत्रंही नाही,
मी फरशीवर आडवी
आणि लाकडानं कट् केलं,
झोपेत कुणी बोट मोडावं तसं.

सात वर्षं बंद होता तो.
तिकडच्या हवेत फुगून बसलेला.
तिथला सुतार म्हणाला होता, बघायला यायचे पाचशे,
उघडायचे वेगळे,
आणि तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्याचे वेगळे.
म्हटलं, राहू दे.
वरच्या फटीतून मग पावत्या आत सोडत राहिले,
पोस्टाच्या पेटीत टाकाव्यात तशा.
कुणाला पाठवत होते, कोण जाणे.

आता सगळ्या फरशीवर.
दलालाला एक महिन्याचं भाडं.
अकरा महिन्यांनी पुन्हा एक महिन्याचं भाडं:
दलाल तोच, खोली तीच, कागद नवा.
टँकरचा हिस्सा, माणशी.
(आई चार दिवस आली होती, तीही माणूस धरली.)
नोटीस: गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत.
छत्रीदुरुस्ती.
छत्रीदुरुस्ती.
इस्त्रीवाल्याची चिठ्ठी, मागे त्याच्याच अक्षरात:
'ताई बटन तुटला आहे आमच्याकडून नाही.'

शेजारचे झाडेकाका म्हणतात,
काही म्हण बाप्पा, समुद्र तर होता ना तिकडं!
इथं काय आहे, फुटाळ्याचं पाणी?

समुद्र
माझ्या खोलीपासून एक रिक्षा, एक बस
आणि पाऊण तास होता.
अकरा वर्षांत नऊदा गेले,
त्यातले चारदा पाहुण्यांना दाखवायला.
तो मात्र रोज यायचा.
मिठाच्या बरणीत. काडेपेटीत.
आईनं उन्हात खडखडीत करून पाठवलेल्या सांडग्यांत.
बिजागऱ्यांत, कात्रीत,
माझ्या डिग्रीवर कुलगुरूंच्या सहीशेजारी
पिवळा डाग होऊन.
भाडं एक दिवस दिलं नाही.
आणि मी सोडताना दमयंतीबेननी चष्मा लावून
डिपॉझिटचा हिशेब मांडला:
भिंतीला ओल, वजा अठरा हजार.

रागावले होते. टेम्पोत बसून रडलेही,
ड्रायव्हरला वाटलं शहर सुटतंय म्हणून.

एका गोष्टीची पावती यात नाही.
रात्री साडेअकराला जिना चढताना
तिथं एकही दार किलकिलं झालं नाही.
कुणाची, कुठून, एवढ्या उशिरा का,
कुणी विचारलं नाही अकरा वर्षं.
इथं पगार निम्मा, खोल्या दोन,
नळाला एक दिवसाआड पाणी,
आणि साडेआठला गेटपाशी झाडेकाका:
'आज उशीर झाला वाटते?'
त्या न विचारण्याचे पैसे
भाड्यातच धरले होते की काय त्यांनी.
मग भाडं एवढं जास्त नव्हतं म्हणायचं.
नाही, होतंच.

खण आता सैल झालाय.
लावला की हळूच बाहेर येतो, जिभेसारखा.
संध्याकाळी गजू बोरकुटे आला, उकिडवा बसला,
लाकडावरून अंगठा फिरवला.
'सुकलं ते, ताई. काही करायचं नाही.
कागदाची घडी घाल बाजूनं, बसून राहते.'
पन्नास मागितले.
मी सवयीनं भांडले,
मग लाजले, साठ दिले.

ओलीच्या हिशेबाचा कागद
चार घड्या करून कोपऱ्यात कोंबला.
बसला.

'आणि पावसाळ्यात?' मी विचारलं.
गजू चपला घालत होता.
'फुगन ना. लाकूडच हाय ते.
पण इथल्याएवढंच फुगन.'