खळं

चंद्राला पडलेल्या खळ्यावरून
पाऊस किती लांब ते सांगणारी माणसं
आमच्या निफाडकडे अजून आहेत.
मी सांगते ते दुसरं खळं.

पंचवटीत औषधाच्या दुकानावर, जिना चढून दुसरी खोली,
तिथं साडेआठला मी इनक्युबेटर उघडते.
काचेची बशी, तीत पिवळसर थर,
थरावर रात्रभरात उगवलेलं जंतूंचं गवत,
आणि गवतात औषधाच्या टिकल्या, बारा.
ज्या टिकलीभोवती गवत मरतं
तिथं उमटतं स्वच्छ, गोल खळं.
मी पट्टी लावते. अठरा मिलिमीटर. बावीस.
गायधनी सरांच्या हाताखाली शिकत होते तेव्हा
खळी एकमेकांत मिसळायची,
सर वैतागायचे : टिकल्या लांब ठेव गं, माप घेता येत नाही.

आज घनशाम पगारेची बशी.
वय पंधरा. दोरीला लोहचुंबक बांधून
रामकुंडातली नाणी काढतो.
आषाढात टाचेला काच लागली,
दसरा झाला तरी जखम ओली.
गवत टिकल्यांना टेकून उभं,
दोन ठिकाणी तर टिकलीवर चढलेलं.
एकीभोवती पंधरा मिलिमीटर, तेही अंधूक.
अकरा वेळा लिहिलं : दाद देत नाही.
घनशामच्या आईनं विचारलं, दाद म्हणजे?
म्हटलं, जंतू औषधाचं ऐकत नाहीत.
ती म्हणाली, मग हा तरी कुणाचं ऐकतो!

संध्याकाळी गंगेवर गेले.
दुतोंड्या मारुती कोरडा उभा.
पुराचं माप तो देतो : घोट्याला लागलं, कमरेला लागलं,
छातीला लागलं की सराफ बाजार दुकानं उचलतो.
आता त्याच्या पायाखालून जातंय
त्या पाण्यात काय चढलंय
हे दोन तोंडं असून त्याला सांगता येत नाही.
बरं वाटलं म्हणून अर्ध्यात सोडलेल्या गोळ्या,
दवाखान्यांच्या मोऱ्या, कोंबड्यांच्या शेडचं धुणं,
सगळं एकाच गटारीला लागतं,
आणि तिथं जंतू एकमेकांना युक्त्या देतात,
शेजारणी भिंतीवरून वाटीभर साखर देतात तशा.

तपोवनाच्या पुढं फेसात शेकाटे, लाल पायांचे, शंभर तरी.
घाणीत किडे भरपूर, त्यांचं बरं चाललंय.
छोटा खंड्या नव्हता.
त्याला पाण्यातलं दिसावं लागतं.
दसकच्या किसन भोयांच्या जाळ्यात चिलापी आणि मांगूर.
वामेचं नाव काढलं तर ते हातांनी लांबी दाखवतात,
आणि हात थोडा वेळ तसेच राहतात.
हेच पाणी पुढं नांदूर मधमेश्वरला थांबतं.
हिमालय ओलांडून आलेली बदकं तिथं उतरतात,
फाल्गुनात परत जातात.
काय घेऊन जातात
याची नोंद माझ्या तरी वहीत नाही.
वर चंद्राला खळं होतं, मोठं.
सवयीनं मी दोन बोटांत माप धरलं.

घरी येऊन हात धुतले. दोनदा.
जंतूंशी माझं वैर आहे असं लोकांना वाटतं.
रोज रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालते,
झाकण ठेवते
आणि त्यांच्या भरवशावर झोपते.

सकाळी झाकण काढलं.
दूध तसंच. नासलेलं नाही,
लागलेलंही नाही.
विल्होळीचे चुंभळे दूध घालायला आले, त्यांना विचारलं.
म्हशीच्या सडाला सूज आहे ताई,
इंजेक्शनं चालू आहेत पाच दिवस.
पातेलं तिरकं करून पाहिलं, उजेडात धरलं.
खळं पातेलंभर पडलं होतं,
काठापासून काठापर्यंत.
पट्टी लॅबमध्ये होती.
आठ वाजून गेले होते.