काळ्या मातीत खांब

पोस्टमन कोडापे आत येत नाही.
हुडकेश्वरच्या पलीकडे, जिथे ले-आउटची पाटी आहे
आणि ले-आउट अजून नाही,
तिथे सायकल थांबवून तो ओरडतो:
"बाई, चाक फसून राह्यलं जी! रोडवर डबा लावा,
नाईतं वापस पाठवतो."
दोनदा पाठवलंही म्हणे, वर शिक्का मारून:
पत्ता अपूर्ण.

मग यांनी मोमिनपुऱ्यातून पत्र्याचा डबा आणला,
झाकणाला बिजागरी, आत अजून तेलाचा वास,
आणि भंगारातून दीड इंची पाइप, साडेपाच फूट.

एकतीस वर्षं लाइनमन.
उमरेडच्या बसमध्ये मला खिडकीशी बसवून
शेतातले खांब दाखवायचे:
हा माझा. तोही माझा.
वाकलाय तो नंदनवारचा.
आणि आता हा एवढासा, मनगटाएवढा,
आणि जमीन ऐकेना.

भादव्यातली रेगड.
सबल आत जाते बिनबोभाट,
बाहेर काढायची तर म्हशीच्या तोंडातली पेंढी ओढावी
तशी ओढावी लागते.
दोन फूट गड्डा झाला, तर पाणी खालून नाही,
बाजूंनी आलं,
पाठीवर घाम यावा तसं.
मी दुधाच्या मापानं उपसत बसले.
एकशे बारापर्यंत मोजलं, मग कंबरेनं मोजू दिलं नाही.

नंदेश्वर मास्तर छत्री धरून उभे.
"सिमेंट ओता ना. कायले तरास करता?"
"मास्तर, सिमेंट म्हंजे दात," हे म्हणाले,
"इथं हिरडीच पावसात फुगते,
उन्हाळ्यात फाटते. दात काय करंन?"

काळी माती सगळी बाहेर.
मुरूम, चार बोटांचा थर. कुटायचा.
मग गिट्टी. कुटायची. मग पुन्हा मुरूम.
कुटायला घरातलं मुसळ मागितलं.
मी नाही म्हणाले, आणि मग मीच कुटलं.
ओळंबा नव्हता, दोरीला कुलूप बांधलं.
"थोडा तुह्याकडं."
"आता?"
"अजून. बस. हलू नको, श्वासही घेऊ नको."
कुलूप हळूहळू थांबलं.
एकाच वस्तूला दोन बाजूंनी धरून
आम्ही शेवटचं कधी बसलो होतो?
पाळण्याला असू. किंवा गॅसच्या सिलिंडरला.

डब्यावर नाव घालायची वेळ आली.
रजिस्ट्री माझ्या नावची,
बाईला स्टॅम्प ड्यूटी कमी लागते म्हणून.
ब्रश हातात, पांढरा रंग टोकाशी जमून थेंब होतोय.
"लिही ना," हे म्हणाले. "वच्छला हेडाऊ.
पत्र वापस गेले ते तुह्याच नावाचे होते."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
मला कोण लिहील?
थेंब पडला. 'व'च्या आधी एक टिंब आहे,
ते तेव्हाचं.

सकाळी पाहिलं तर खांब चार बोटं पूर्वेला.
हे चहा न पिता सबल घेऊन निघाले.
मी म्हटलं, राहू द्या.
दसऱ्यापर्यंत माती बसेल, मग बघू.
बसमधून कोणी दाखवलाच, तर म्हणेल
वाकलाय तो हेडाऊंचा.
यावर दोन दिवस बोलले नाहीत.

कोडापे आता खांबाला सायकल टेकवतो.
एवढ्यात आलं ते असं: विजेचं बिल,
कोचिंग क्लासचा कागद,
बँकेचं एक जाड पाकीट, यांच्या नावचं.
ती दोन पत्रं फिरून आलेली नाहीत.
कोणाची होती, कोडापेला आठवत नाही.
अक्षर बाईमाणसाचं होतं, म्हणाला,
आणि पिनकोडचा शेवटचा आकडा खोडून पुन्हा लिहिलेला.

डबा कललेला, त्यामुळे जे येतं
ते घसरून एकाच कोपऱ्यात जमतं.
न बघता हात घालता येतो.
काल घातला,
तर मुंग्यांनी ठेवलेला एक तांदूळ लागला बोटाला.
मी झाकण लावलं,
आणि खांब धरून जरा हलवून पाहिला.