सहाच्या सहा

बाळेश रोलर मोजतो ते कन्नडमध्ये,
ओंदु, एरडु, मूरु,
आणि चौथ्याशी थांबतो.
बोटांत फिरवून बघतो: एका अंगानं चपटा,
झिजलेल्या दाढेसारखा.

"एवढाच बदला की ओ," कडोलीच्या बाई म्हणतात,
"बाकीचे बरे दिसतात."
"तसं जमत न्हाई बाई. सहाच्या सहा.
नवा एकटा काय ओढणार?"

पुली पुसतो, कापड उलटून परत पुसतो.
बेल्टला ग्रीसचा वासही नको.
बाण पुढं.

मग मला हाक: "मागची दाब."
मी दोन्ही हातांनी मागची पुली फाकवतो,
बेल्ट आत बुडतो, पुढं सैल पडतो,
तेव्हा कुठं नट.

गेल्या दिवाळीत मी हे विसरलो होतो.
बेल्ट चिमटीत सापडला होता
आणि मला वाटलं, नट बसला.
पाना कुरकुरला तसा मी खूश.
वंटमुरीच्या चढावर तो सुटला.
गाडी टेम्पोत घालून आणताना
शहापूर येईस्तोवर बाळेश बोलला नाही,
ना मराठीत, ना कन्नडमध्ये.

आज पाना माझ्या हातात ठेवून
तो चहा सांगायला गेला.
बाई माझ्याकडे बघतायत.
मी आधी बेल्ट हलवून बघतो.