दुसरा दिवस

पावणेसातला घंटागाडी येते आमच्या गल्लीत, पाथर्डी फाट्याला.
मी जिना उतरते. एका हातात ओला, दुसऱ्यात सुका,
आणि काखेत तिसरं ते,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, दोऱ्यानं करकचून बांधलेलं,
वर लाल स्केचपेनचा गोल.
गोल मीच काढते,
झुंबरबाईचा हातमोजा अंगठ्यापाशी फाटलेला पाहिला
तेव्हापासून.

भाऊबिजेला आली तेव्हा ऋजुतानं, माझ्या नणंदेनं,
मुठीत मावेल असा कप दिला.
हा दहा वर्षं टिकतो वहिनी, आणि तुझं पॅड पाचशे.
मी म्हटलं, बाई, मला चार दिवस टिकायचंय.

उकळायचा कशात?
चहाचं पातेलं नको, दुधाचं तर नकोच.
बोहारणीसाठी काढलेलं चेपकं भांडं माळ्यावरून परत उतरवलं.
सासूबाईंनी विचारलं, अंडं का गं?
हो म्हटलं.
तेव्हापासून मी महिन्याला एक अंडं खाते, असं घरात सगळ्यांना माहीत आहे.
चतुर्थी आली तरी.

पहिल्या महिन्यात तो बोटांतून सुटला,
बेडकासारखा उडून बादलीमागे.
मी हसले, मग रडू आलं,
मग पॅड लावलं आणि कंपनीची बस गाठली.
तिसऱ्या महिन्यात बसला.
असा बसला की दुपारपर्यंत आठवलाच नाही.
विसरणं काय असतं
ते बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

पण अंबडला आमची लाइन उभ्याची.
स्विच जोडायचे, आठ तास.
टॉयलेटला टोकन, टोकनाला सात मिनिटं.
नळ बाहेर, आरशाखाली, सगळ्यांच्या रांगेत.
भरलेली वाटी हातात धरून
मी कुणाला म्हणू, सरक जरा?
दुसऱ्या दिवशी मला पृथ्वी दिसत नाही.
मला तीनशे वीस मिलिमीटर दिसतात,
पंखवाले, कोरडे.

मधे डोंगरे मैदानावरच्या प्रदर्शनातून
बचतगटाची कापडी घेतली, तीन, पिवळी, फुलाफुलांची.
गॅलरीत परकराखाली वाळत घातली.
श्रावणात ती वाळेचनात. कुबट वास धरून बसली.
आईला फोनवर सांगितलं तर ती एकदम तुटकच बोलली:
कापडाचं कौतुक मला नको सांगूस.
आई मोहाडीची. बागांमधे डिपिंगला जायची,
एकेक घड मगातल्या औषधात बुडवत, ओळीमागून ओळ.
मांड्या सोलून निघायच्या.
शेवटच्या ओळीत फेंगडी चालायचे, म्हणाली.
त्यानं जमिनीचं बरं झालं असेल. माझं नाही झालं.

मे महिन्यात बिल्डिंगचा चेंबर तुंबला.
शकीलभाईंनी तार घालून ओढलं
आणि एकामागून एक वर आली,
उशीएवढी सुजलेली, राखाडी.
पुरुष गोल करून उभे होते, कुणी कुणाकडे बघेना.
संध्याकाळी लिफ्टपाशी नोटीस:
अनावश्यक वस्तू टाकू नयेत.
मी कधीच टाकलं नव्हतं तिथं.
तरी नोटीस वाचताना मान खाली गेली.
आणि अनावश्यक हा शब्द
मला आठवडाभर टोचत राहिला.

तर आता असं चाललंय:
पहिला, तिसरा, चौथा कप. दुसरा ते.
रविवारी दुसरा आला तर देव पावला.

काल झुंबरबाईनं पुडकं हातात घेऊन तोललं,
लाल गोलावर बोट ठेवलं.
या बारीला एकच? बरी हायेस ना?
कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या.
माझा महिना मोजणारं
नवऱ्याशिवाय आणखी कुणी असेल
हे मनातही आलं नव्हतं.
सांगितलं तिला, हळू आवाजात, सगळं.
माझी तर गेली, सुटले, म्हणाली.
सुनेला बघते. केवढ्याला पडती वाटी?
आणि गाडीच्या पायरीवर चढता चढता:
पानी किती लागतं गं धुवायला?
आमच्याकडं नळ दिसाआड.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला.
एक तांब्या, असं मी म्हणणार होते.
मग आठवलं,
उकळायचं वेगळं.