ध चं शिंग

करंझोळच्या शाळेत फळा एक, इयत्ता चार,
पोरं तेरा. चौदावी मी,
जिला अजून शिकायचंय
कुणाला कुठल्या दारानं आत घ्यायचं.

जूनमध्ये फळ्यावर 'घर' लिहिलं.
वरशल गावकरनं ठणकावून वाचलं, "घोर."
मी म्हटलं, घर.
"हय टीचर, घोर."
त्याच्याकडे त्याला तसंच म्हणतात.
मधल्या सुट्टीपर्यंत दोघंही बरोबरच होतो,
फक्त खडू माझ्या हातात होता.

विहिरीच्या चित्राखाली 'विहीर' छापलेलं
आणि तो बोट ठेवून वाचायचा "बांय".
पहिलं वर्षभर मी ही चूक धरली,
लाल शाई संपवली.
आता त्याच्या वहीत दोन काठ आहेत,
एकावर घरचा शब्द, एकावर पुस्तकातला,
मध्ये पेन्सिलीनं काढलेला साकव.
कधी तो इकडून जातो, कधी मी तिकडून येते.

अन्वी माजीकला उलटंच दुखणं.
पान एका श्वासात संपवते,
वाळपईची शेवटची बस सुटल्यासारखी,
आणि काय वाचलंस म्हटलं की छताकडे बघते.
तिला मी वाचायला नाही, थांबायला शिकवते.
प्रत्येक पूर्णविरामाला एक काजूची बी खिशात,
बी टाकताना सांगायचं, आत्ता काय झालं.
पहिल्या आठवड्यात खिसा रिकामाच.
परवा घरी जाताना तो खुळखुळत होता.

पण मला सांगायचंय ते बिरोबद्दल.
बिरो झोरे, तिसरी, डोंगरावरच्या वस्तीतून
चालत येतो, गुडघ्यापर्यंत ओला.
पुस्तक उघडलं की त्याला घाम.
"अक्षरं चरायला जातात टीचर,
एका जागी ऱ्हात नाहीत."
मी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला खिडकी कापली,
एका वेळी एकच शब्द दिसेल एवढी.
कळप थांबला, पण ओळख पटेना.
घ म्हणजे ध, म म्हणजे भ,
रडकुंडीला तो, आणि खरं सांगायचं तर मीही.

एकदा सहज विचारलं, म्हशी किती रे तुमच्या?
"एकोणीस."
सगळ्या काळ्याच ना? मग ओळखतोस कशा?
माझ्या अडाणीपणाची त्याला कीव आली.
"शिंगांवरनं. एकीचं आत वळलंय,
एकीचं मोडकं, एकीचं सरळ आभाळात."
मी काही बोलले नाही.
फळ्यावर मोठा घ काढला, शेजारी मोठा ध.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग उठला, ध च्या डाव्या टोकापाशी बोट नेलं,
"हिचं शिंग वळलंय."
आणि स्वतःच पुढे, "भ चं बी."

डिसेंबरात तपासणीला साहेब आले,
हातात घड्याळ, मिनिटाला शब्द किती.
अन्वीचे कमी भरले, ती मध्येमध्ये थांबत होती.
बिरोचे अकरा.
साहेबांनी रकान्यात अकरा लिहिले, वर प्रश्नचिन्ह.
उताऱ्यात कुठेतरी 'धनगर' होता.
तिथे बिरो थांबला,
पुठ्ठ्याच्या खिडकीतून बोट आत घालून
ध चं शिंग चाचपलं,
मग सावकाश म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला,
मिनिट संपलं होतं तरी.
त्यासाठी रकाना नव्हता.

साहेबांना मी चहा दिला. भांडायचं राहून गेलं.

आणि सेवंती राठोड, पहिली,
बाप रस्त्याच्या कामावर, पाच महिने झाले,
माझ्याशी एक शब्द नाही. कुठल्याच भाषेत.
चित्रं दाखवली, वाळूत गिरवून घेतलं,
वरशलनं घुमट वाजवून पाहिलं, ती फक्त हसली.
मला तिचं दार सापडलेलं नाही.
एवढंच लक्षात आलंय की शाळा सुटायच्या आधी
ती दाराबाहेरच्या चपला जोडीनं लावते,
सव्वीस पायांतली एकही चूक न करता
ज्याची त्याच्यापुढे सरकवते.

उद्या लवकर येईन म्हणते.
प्रत्येकाच्या चपलेवर खडूनं नाव लिहीन,
आणि बघत बसेन.